इमारतीसमोरचे तीन मीटर

आमच्या पुण्यातल्या सोसायटीची पुनर्विकासाची सभा तीन तास चालली. त्यातले अडीच तास कार्पेट, म्हणजे घराच्या भिंतींच्या आतली जागा, किती वाढवून मिळणार यात गेले, मग थोडा वेळ भाडं आणि कॉर्पस, म्हणजे बिल्डरकडून मिळणारी एकरकमी रक्कम. लोक चपला शोधायला लागले तेव्हा तळमजल्यावरच्या आजींनी विचारलं, "अहो, नकाशात बकुळ कुठे गेली?"

आर्किटेक्टने बंद केलेला लॅपटॉप पुन्हा उघडला. बकुळीच्या जागी एक बाण होता आणि बाणाखाली लिहिलं होतं: फ्रंट मार्जिन 3 मीटर, ड्राइव्ह-वे.

हा लेख त्या तीन मीटरांबद्दल आहे, म्हणजे रस्ता आणि इमारत यांच्या मध्ये सोडलेल्या पट्टीबद्दल. शहर नियोजनाचं नाव काढलं की आपल्या डोळ्यासमोर रंगीत नकाशा येतो. पिवळा भाग निवासी, हिरवा म्हणजे बाग किंवा मैदान, मधून जाणारे डीपी रोड, म्हणजे विकास आराखड्यातले रस्ते. पुण्याचा असा नकाशा 2013 मध्ये हरकती-सूचनांसाठी खुला झाला तेव्हा 80 हजारांहून जास्त हरकती आल्या होत्या. आपल्या घरावर आरक्षण पडलंय का, एवढंच बहुतेकांना बघायचं असतं, आणि त्यात गैर काही नाही. पण नकाशाबरोबर एक जाडजूड पुस्तक असतं, विकास नियंत्रण नियमावलीचं. ते बिल्डर आणि आर्किटेक्ट सोडले तर कुणी उघडत नाही. आपण रोज ज्या शहरातून चालतो ते शहर मुख्यतः त्या पुस्तकातून तयार होतं, असं माझं मत आहे. कुठली जागा कशासाठी एवढं नकाशा सांगतो. भिंत किती उंच, इमारत रस्त्यापासून किती लांब, गाड्या कुठे, झाडाला माती उरणार की नाही, हे सगळं पुस्तकात ठरतं.

मुंबई आणि काही वेगळी क्षेत्रं सोडली तर महाराष्ट्रात डिसेंबर 2020 पासून यासाठी एकच नियमावली लागू आहे. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला सगळे यूडीसीपीआर म्हणतात. तिला आधार 1966 च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्याचा, म्हणजे एमआरटीपीचा.

नगररचनाकार जमिनीचा वापर ठरवतो, आर्किटेक्ट इमारत काढतो. या दोघांच्या मधली जागा, म्हणजे इमारत रस्त्याला कुठे भेटते, दोन इमारतींच्या मधल्या फटीतून ऊन येतं का, पायी माणूस कुठून जातो, हा अर्बन डिझाइनचा विषय. मराठीत त्याला नागरी अभिकल्प असा शब्द आहे, पण तो वापरताना मी कुणाला ऐकलेलं नाही. शाश्वत विकास हा शब्द मात्र आता प्रत्येक धोरणाच्या पहिल्या पानावर असतो. माझ्यापुरता त्याचा अर्थ मी घरगुती केला आहे: दुपारी दिवा लावावा लागू नये, दूध आणायला गाडी काढावी लागू नये, आणि अंगणात पडलेला पाऊस अंगणातच मुरावा. या तिन्ही गोष्टी त्या मधल्या जागेत ठरतात.

आता एफएसआय. मराठीत चटई क्षेत्र निर्देशांक. भूखंड 1000 चौरस मीटरचा असेल आणि एफएसआय 2, तर सगळे मजले मिळून 2000 चौरस मीटर बांधता येतात. हिशेब एवढाच. एफएसआय किती बांधायचं ते सांगतो, कसं बांधायचं ते सांगत नाही. त्याच 2000 मीटरांत अर्ध्या भूखंडावर चार मजले बसतात, आणि भूखंडाच्या दहाव्या हिश्शावर वीस मजलेही बसतात. चार मजल्यांच्या इमारतीत वरून आई हाक मारते आणि खालचं पोर ऐकतं. विसाव्या मजल्यावरून इंटरकॉम लावावा लागतो. कागदावर दोन्हींचा एफएसआय सारखाच. सभेत आम्ही अडीच तास ज्यावर भांडलो ते कार्पेट याच एफएसआयमधून निघतं, पण तो आकडा आमची गल्ली पुढे कशी होणार याबद्दल काहीच सांगत नव्हता.

मिळणारा एफएसआय समोरच्या रस्त्याच्या रुंदीवरही ठरतो. रस्ता 9 मीटरपेक्षा अरुंद असेल तर मूळ 1.1 वर थांबायचं. रस्ता जितका रुंद, तितका प्रीमियम भरून आणि टीडीआर (दुसऱ्या जागेचा विकत घेतलेला बांधकाम हक्क) आणून आकडा चढतो, आणि 30 मीटरच्या रस्त्यावर तो 3 पर्यंत जातो. वर पूरक एफएसआय वेगळा. रुंद रस्त्यावर जास्त माणसं राहिली तर वाहतूक आणि अग्निशमन दोन्ही सोपं, हा विचार बरोबर आहे. पण नियमाला पाय फुटतात. 2020 मध्ये पुण्यात 6 मीटर रुंदीचे 323 रस्ते 9 मीटर करायचा प्रस्ताव आला. तेवढी वाहतूक त्या गल्ल्यांत नव्हती. 9 मीटरखाली टीडीआर चालत नाही, हे खरं कारण होतं. त्यावर बरीच वादावादी झाली. गंमत अशी की रुंदीकरणात पहिली जाते ती इमारतीसमोरची मोकळी पट्टी, म्हणजे पुन्हा आपले तीन मीटरच.

ही मोकळी पट्टी सोडायची पद्धत कुठून आली? त्यासाठी मुंबईच्या प्लेगपर्यंत मागे जावं लागतं. 1896 मध्ये मांडवी भागात प्लेग सुरू झाला आणि पाठीला पाठ लागलेल्या चाळींमधून पसरला. त्यानंतर 1898 मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. ट्रस्टने पुढे उजेडासाठी एक नियम आणला, साडेत्रेसष्ट अंशांचा. नाव अवघड आहे, पण भूमिती सातवीच्या मुलालाही जमेल अशी: त्या कोनाची रेघ आडवी एक मीटर गेली की उभी दोन मीटर चढते. म्हणजे खिडकीसमोर 10 मीटर मोकळी जागा असेल तर समोरची इमारत 20 मीटरपेक्षा उंच नको, म्हणजे तळाच्या खोलीलाही आकाशाचा तुकडा दिसतो. दादर-माटुंग्याचे आखीव रस्ते याच ट्रस्टच्या काळातले. आजही तिथून चालताना सावली लागते आणि तळमजल्याच्या खिडकीत दिवसा उजेड असतो.

आजचा नियम याहून फार वाईट आहे असं मला आधी वाटायचं. मग गणित करून पाहिलं. 15 मीटरपेक्षा उंच निवासी इमारतीने बाजूला आणि मागे उंचीच्या पाचव्या हिश्शाइतकं सामासिक अंतर सोडायचं. साईटवर सगळे त्याला साईड मार्जिन म्हणतात. 20 मीटर उंचीला 4 मीटर. शेजाऱ्यानेही तेवढंच सोडलं तर मध्ये 8 मीटर. जुन्या मोजमापात 10 लागले असते. फार फरक नाही. फरक पडतो तो वर गेल्यावर, कारण या अंतराला 12 मीटरची कमाल मर्यादा आहे. 60 मीटर उंचीला ती गाठली जाते आणि त्यापुढे इमारत वाढली तरी अंतर वाढत नाही. 100 मीटरचे दोन टॉवर शेजारी उभे राहिले तर मध्ये 24 मीटर उरतात. जुन्या कोनाने 50 सोडावे लागले असते. डिसेंबरात भर दुपारीसुद्धा पुण्यात सूर्य दक्षिणेला 48 अंशांवरच असतो, आणि 100 मीटर इमारतीची सावली 90 मीटर लांब पडते. उत्तरेकडच्या घरांची थंडी कशी जाणार, हे नकाशा मंजूर होतानाच ठरून गेलेलं असतं. त्यात भर म्हणजे अडचण दाखवून, हार्डशिप प्रीमियम भरून या अंतरात सवलतही मिळते. छोट्या प्लॉटच्या पुनर्विकासात ती घेतली जाते, आणि खरं सांगायचं तर कित्येकदा तिच्याशिवाय गणित बसतही नाही.

ही सवलत टोकाला गेली की काय होतं ते मुंबईत मानखुर्द-गोवंडीत दिसतं. लल्लूभाई कंपाउंड आणि नटवर पारेख कंपाउंड या प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसन वसाहती. इथे काही इमारतींमध्ये जेमतेम तीन मीटरचं अंतर आहे. डॉक्टर्स फॉर यू या संस्थेने तिथे अभ्यास केला, तो 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. खालच्या मजल्यांवर, जिथे ऊन आणि वारा पोचत नाही, तिथे क्षयरोगाचं प्रमाण जास्त सापडलं. प्लेगमुळे जो धडा शिकलो तो शंभर वर्षांनी, पक्क्या सिमेंटच्या घरात, क्षयाने पुन्हा शिकवला. त्या लोकांना घर मिळालं, नळ मिळाला, संडास मिळाला, आणि दुपारी बारा वाजता ट्यूबलाइट लावून बसायची वेळ आली. वीजबिल त्यांचं, औषधंही त्यांचीच.

आता पुण्यात परत येऊ.

आमच्या आत्ताच्या इमारतीसमोर कमरेएवढी भिंत आहे, वर लोखंडी जाळी. बकुळ आतमध्ये, पण अर्धी फांदी रस्त्यावर. सकाळी फुलं बाहेरच पडतात आणि शाळेच्या रिक्षाची वाट पाहणाऱ्या मुली ती वेचतात. रात्री उशिरा क्लासवरून येणारी मुलगी आमच्या फाटकापाशी आली की चाल जरा सैल करते. तळमजल्यावर आजी जागी असते, खिडकी उघडी असते. हे कुणी डिझाइन केलेलं नव्हतं. भिंत बुटकी होती आणि मागे माणसं राहत होती, एवढंच.

नव्या नकाशात तळमजल्यावर घरच नाही. आहे ती पार्किंगची स्टिल्ट, म्हणजे नुसत्या खांबांचा मोकळा मजला, आणि समोर सलग भिंत. नियमाप्रमाणे पुढची कंपाउंड भिंत रस्त्याच्या मध्यरेषेच्या पातळीपासून दीड मीटर उंच चालते. 2.4 मीटरपर्यंत न्यायची असेल तर वरचे 0.9 मीटर जाळीचे, आरपार दिसणारे हवेत. ही छोटीशी ओळ कुणीतरी फार विचार करून लिहिली आहे. रस्त्यावरून उभ्या माणसाची नजर आत जावी आणि आतल्याची बाहेर, हा तिचा अर्थ. पण गेल्या दहा-पंधरा वर्षांतल्या सोसायट्यांसमोरून चालून बघा. जाळीवर आतून पत्रा किंवा हिरवं कापड लावलेलं. दोन्ही बाजूंना अशा भिंती आल्या की त्या रस्त्यावर कुणी थांबत नाही, भाजीची गाडीही लागत नाही. मग तो रस्ता सुनसान वाटतो म्हणून लोक गाडी काढतात, आणि सुरक्षेसाठी भिंत आणखी उंच करतात.

जुन्या पेठांमध्ये याच्या उलट होतं. खाली दुकान, वर घर, दाराशी ओटा. ओट्यावर कुणीतरी बसलेलंच असायचं. मंडईतून तुळशीबागेच्या आतून लक्ष्मी रोडला निघता येतं. बोळ, चौक, देवळाचं आवार, सगळं पायी माणसाला मोकळं. मला पेठांचा भाबडा उमाळा नाही. लहानपणी वाड्यातल्या सामाईक संडासासमोर रांग लावलेली मी विसरलेलो नाही. पण घर आणि दुकान एकाच गल्लीत असणं आणि दर पन्नास पावलांवर वळायला वाट असणं, या दोन गोष्टी पुढच्या नियोजनाने सोडून द्यायला नको होत्या. माझी बहीण शहराच्या पश्चिमेला मोठ्या टाउनशिपमध्ये राहते. तिच्या गॅलरीतून मुलाची शाळा दिसते. पायी जायला मात्र सव्वा किलोमीटर, कारण मध्ये तीन सोसायट्यांच्या भिंती. 0.4 हेक्टर किंवा त्याहून मोठ्या लेआउटमध्ये 10 टक्के मोकळी जागा सोडावीच लागते. तशी ती सोडलेलीही आहे, प्रत्येक सोसायटीने आपापल्या भिंतीच्या आत, क्लब हाउसमागे. तिन्ही तुकडे एका रेषेत सोडले असते तर शाळेपर्यंत सावलीची पायवाट झाली असती. जागा तेवढीच, खर्चही तेवढाच.

पार्किंगचा मुद्दा काढला की सभेत माणसं चिडतात, म्हणून तिथे मी गप्प बसलो. इथे लिहितो. एका चारचाकीला अडीच बाय पाच मीटरचा चौकोन लागतो, म्हणजे साडेबारा चौरस मीटर. आत-बाहेर वळायला रस्ता धरला की 25 ते 30. पंतप्रधान आवास योजनेत दुर्बल घटकांसाठीच्या घराचं कार्पेट 30 चौरस मीटर धरलेलं आहे. गाडी झोपते तेवढ्या जागेत एक कुटुंब राहतं. तरी नियम म्हणतो की इतक्या फ्लॅटना इतक्या गाड्यांची जागा द्याच. गाडी नसलेल्यानेही द्यायची, कारण बांधकामाचा खर्च सगळ्यांच्या दरात मिसळतो. मेट्रो स्टेशनपासून 500 मीटरच्या पट्ट्यात 4 पर्यंत एफएसआय द्यायचं धोरण आहे. स्टेशनजवळ जास्त माणसं राहावीत, ती चालत मेट्रोपर्यंत जावीत, हा त्यामागचा हेतू. छान आहे. पण त्याच इमारतीत चार मजले पार्किंग असेल तर माणूस सकाळी लिफ्टने कुठल्या मजल्याचं बटण दाबणार, हे सांगायला तज्ज्ञ नको.

शिवाय मेट्रोपर्यंत चालायचं कशावरून? भारतीय रोड काँग्रेसची पादचाऱ्यांसाठी मानकं आहेत. निवासी भागात फुटपाथवर किमान 1.8 मीटर अडथळ्याविना रुंदी, आणि काठाची उंची 150 मिलिमीटरपेक्षा जास्त नको. मी टेप घेऊन आमच्या कोपऱ्यावर गेलो. उंची 31 सेंटीमीटर. रुंदी दीड मीटर, त्यात डीपी बॉक्स (हा डीपी विजेचा), एक खांब, एक फलक. चालायला उरले 60 सेंटीमीटर. आजी त्यावर चढूच शकत नाहीत, त्या रस्त्यावरून चालतात. आणि दर फाटकापाशी गाड्यांसाठी फुटपाथ खाली उतरवलेला, मग पुन्हा चढ. प्रत्यक्षात चढ-उतार करायला हवा तो गाडीने. फुटपाथ सलग ठेवून फाटकापाशी गाडीला फक्त उतार द्यायचा, म्हणजे गाडीचा वेग आपोआप कमी होतो.

हे जमत नाही असं नाही. पुणे महापालिकेने 2016 मध्ये पादचारी धोरण मंजूर केलं आणि जंगली महाराज रस्त्यावर ते करूनही दाखवलं. रुंद फुटपाथ, झाडांच्या बुंध्याशी बसायला जागा, मुलांना चढायला-उतरायला काही खेळ. खड्डे न पडणारा रस्ता म्हणून जेएम रोड आधीच पुणेकरांच्या अभिमानाचा विषय होता, तो आता संध्याकाळी नुसतं बसायला जायचा रस्ताही झाला. दुचाकीवाले अधूनमधून वर चढतात, तो भाग वेगळा.

पावसाचं थोडक्यात सांगतो. पुण्यात वर्षाला साधारण 700 मिलिमीटर पाऊस पडतो. 1000 चौरस मीटरच्या भूखंडावर त्याचे 7 लाख लिटर होतात. अर्धं अंगण मातीचं असेल तर बरंचसं पाणी मुरतं. भिंतीपासून भिंतीपर्यंत तळघर आणि वर काँक्रीट असेल तर सगळं रस्त्यावर, रस्त्यावरून नाल्यात. एका भूखंडाने काही होत नाही. पण कात्रजकडून येणाऱ्या आंबिल ओढ्याच्या दोन्ही अंगांना असे किती भूखंड असतील. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री त्या ओढ्याला पूर आला, भिंती पडल्या, गाड्या काड्यांसारख्या वाहिल्या, आणि पुण्यात नि आसपास वीसहून अधिक माणसं गेली. नदीला निदान निळी आणि लाल पूररेषा असते: पंचवीस वर्षांतून एकदा येणारा पूर आणि शंभर वर्षांतून एकदा येणारा. ओढा नकाशावर नुसती बारीक निळी रेघ असतो, आणि रेघ सरकवता येते.

नियमावलीत बदल करायचा तरी एमआरटीपीच्या कलम 37 प्रमाणे आधी सूचना प्रसिद्ध करून हरकती मागवाव्या लागतात. ती सूचना पेपरात आतल्या पानावर बारीक टायपात येते, घर विकल्याच्या जाहीर नोटिशीशेजारी. मी ती वाचायची सवय लावून घेतली आहे. शब्द बोजड असतात, पण "सामासिक अंतर", "जोता", "वाहनतळ" असे चार-पाच शब्द शोधत गेलं की कुठे काय हलतंय ते कळतं.

आमच्या बकुळीचं अजून ठरलेलं नाही. आर्किटेक्ट भला माणूस आहे. दुसऱ्या दिवशी फोन करून म्हणाला, ड्राइव्ह-वे डाव्या बाजूने फिरवला तर झाडाभोवती साधारण सहा बाय तीनचा मातीचा तुकडा ठेवता येईल, पण दोन पार्किंग कमी होतील. आणि भिंत बुटकी ठेवायला काही अडचण नाही, आजवर कुणी मागितलीच नव्हती. दोन पार्किंग कुणाची कमी करायची, यावर रविवारी पुन्हा सभा आहे. आजींकडे गाडी नाही. त्यांनी आपल्या वाटणीची जागा सोडतो असं लिहून दिलंय. दुसरी अजून सापडायची आहे.